भरीत खाऊन विकलेली जागा

सन दोन हजार तेवीस. मला शहात्तरावं लागलेलं होतं आणि आमच्या तरुण मंडळातली सगळ्यात तरुण सभासद होती माझी सून. तिचीही चाळिशी उलटलेली. बाकी आम्ही सगळे साठीच्या पलीकडचे. तरी पाटीवर 'तरुण मंडळ' असंच होतं आणि आजही आहे. कोणी हसलं तर मी सांगतो, बाबा रे, मंडळ काढलं तेव्हा आम्ही पंचविशीच्या आतले होतो. पाटी बदलायला रंगारी लागतो, म्हातारं व्हायला काही लागत नाही.

मंडळाचं काम म्हणजे पोरांची शिबिरं. सुट्टीत शाळेची पोरं आठ-दहा दिवस आणायची, पहाटे उठवायची, पळवायची, श्रमदान करायला लावायचं, हाताने भाकर थापायला शिकवायचं आणि जरा काळी करून घरी पाठवायची. त्यासाठी मंडळाच्या तीन जागा. एक नंदुरबारला गावाबाहेर, दुसरी शहाद्याला लागून लोणखेड्याच्या शिवारात, तिसरी म्हसावदच्या पुढे सातपुड्याच्या पायथ्याशी. तिन्ही लोकांनी दान दिलेल्या. त्या काळी लोक जमीन द्यायचे. आता पत्ता विचारला तरी विचार करून देतात.

त्या साली पावसाळ्यात तिन्ही जागा एकदम आजारी पडल्या. लोणखेड्याच्या हॉलचे पत्रे वादळाने उडवून पपईच्या बागेत नेऊन टाकले. नंदुरबारच्या कुंपणाचे खांब कोणीतरी एकेक करून नेले. म्हसावदच्या ओसरीची भिंत कलली. तिघींना औषध पाजायची मंडळाची ऐपत नव्हती. तेव्हा आमचा अध्यक्ष म्हणाला, एक विकू आणि तिच्या जिवावर दोन उभ्या करू.

हा अध्यक्ष म्हणजे मास्तर. चौथीपर्यंत आम्ही एका गोणपाटावर बसलो. मग तो पुढे गेला, मास्तर झाला, हेडमास्तर झाला, पेन्शनीत निघाला. मी चौथीतच थांबलो. लोक म्हणतात मला शाळा जमली नाही. तसं नाही. मला शाळा पटली नाही. दोन्हींत फरक आहे आणि तो मास्तरला साठ वर्षांत कळलेला नाही.

मंडळाचे दोन नियम मात्र माझे आहेत, चौथी नापासाचे. पहिला असा की जागेबद्दल काही ठरवायचं तर त्या जागेवर जाऊन, आणि जेवण झाल्यावरच. रिकाम्या पोटी माणूस वाकडं बोलतो. दुसरा असा की ज्याची हरकत त्याने हात वर करायचा, जो गप्प तो राजी. हा नियम मी खास मास्तरसाठी आणला होता, कारण त्याला नुसतं 'हो' म्हणायलाही अर्धा तास भाषण लागायचं. बाकी वेळ तो बैठकीत डुलक्या घ्यायचा. मग मी मोठ्याने म्हणायचो, "मास्तर, घंटा व्हयनी!" तो दचकून उठायचा आणि सगळे हसायचे. हा खेळ आम्ही उभं आयुष्य खेळलो. म्हणजे मी खेळलो, तो दचकला.

तर ठरलं असं की तीन रविवारी तीन जागा बघायच्या, प्रत्येक ठिकाणी जेवायचं, आणि तिसऱ्या ठिकाणी निकाल लावायचा. मी लगेच म्हणालो, तिसरी जागा म्हसावदची ठेवा. कोणी हरकत घेतली नाही. माझ्या मनात काय आहे हे त्यांना कळलं नाही, अशी माझी समजूत.

घरी मात्र कळलेलं होतं. सून मंडळाची चिटणीस. लोणखेड्याच्या कॉलेजात शिकवते. ती जेवताना सरळ म्हणाली, "आबा, रागावू नका. मला विचाराल तर विकायची जागा म्हसावदचीच आहे. करोनाच्या आधीपासून तिथे एक शिबिर झालं नाही. तुम्ही एकटेच जाता, ओसरी झाडता, विहिरीत पोहता आणि परत येता. शिबिर म्हणतात का त्याला?"

"विहीर चालती ठेवावी लागते," मी म्हणालो.

"विहीर का मोटारसायकल शे का?" आमची बुढी, म्हणजे माझी बायको, चुलीजवळून म्हणाली. "इतला फिरीसन कसाले सांगतस? तुम्हले ती जागा कसाले पाहिजे, माले म्हाईत शे. तठे पोरे तुम्हले सर म्हनेत."

मी भाकरीचा तुकडा वरणात बुडवला आणि गप्प बसलो. माझ्याच नियमाने, गप्प तो राजी.

ती म्हणाली ते खरंच होतं. त्या विहिरीत मी पोरांना पोहायला शिकवायचो. पाठीला डबा बांधायचा, दोर धरायचा आणि द्यायचं सोडून. थंडीत विहिरीचं पाणी कोमट असतं हे शहादा-नंदुरबारच्या पोरांना ठाऊक नसायचं. ती काठावर कुडकुडत उभी राहायची आणि एकदा आत पडली की बाहेर यायला तयार नसायची. "सर, अजून एकदा. सर, माझा नंबर." वकिलाची पोरं, डॉक्टरची पोरं, एकदा तर तहसीलदाराचा पोरगा. घरी मला आबा म्हणतात, बाजारात म्हातारबा म्हणतात, बँकेत 'ओ काका, तिकडे लाईन' म्हणतात. सर फक्त त्या विहिरीवर म्हणायचे. आता ही काय चारचौघांत सांगायची गोष्ट आहे? म्हणून मी आपली विहिरीची बाजू मांडायचो.

पहिला रविवार नंदुरबारचा. त्या जागेला लागून मिरचीच्या पथाऱ्या आहेत. हिवाळ्यात बाजारातली ओली लाल मिरची व्यापारी मोकळ्या रानात पसरून वाळवतात, ती पथारी. लांबून बघितलं तर जमिनीवर लाल लुगडं वाळत घातल्यासारखं दिसतं. जवळून बघता येत नाही, डोळ्यांना पाणी येतं. त्या शिबिरात पोरं 'भारतमाता की' एवढंच म्हणायची, पुढचा जय ठसक्यात जायचा.

त्या दिवशी वाराही आमच्या बाजूने होता. म्हणजे माझ्या बाजूने. मास्तर बोलायला उभा राहिला. "सभासद बंधूंनो, या जागेचा इतिहास..." आणि शिंकला. पुन्हा म्हणाला, "या जागेचा..." आणि शिंकला. इतिहास काही पुढे गेला नाही. आमचा खजिनदार शेठ, शहाद्यातला कापडाचा मारवाडी व्यापारी, नाकाला रुमाल लावून बसला होता. तो म्हणाला, "मास्तर, बसी जा. इतिहास तिखट शे."

मी काहीच बोललो नाही. मिरची बोलत असताना माणसाने बोलू नये.

फक्त सून शिंका देत देत म्हणाली, "पण स्टेशन जवळ आहे. पोरं गाडीतून उतरतात, रिक्षाने येतात. वर्षाला दोन शिबिरं होतात ती इथेच." लिहून घेतलं आणि डोळे पुसले. बाकीच्यांनीही पुसले.

दुसरा रविवार लोणखेड्याचा. तिथे बोलण्यासारखं फारसं नाही. चारी बाजूंनी कॉलेजं, रस्त्याला लागून जागा, डोक्यावर पत्रा नाही. जेवण सुनेने कोपऱ्यावरच्या केटररकडून आणलं होतं. पनीर. मी एक फोड बराच वेळ चावली आणि मग मास्तरला विचारलं, "हाई गिळतस का नुसतं चावतस?" शेठला हसू आलं. पण जागा विकावी असं कोणी म्हणालं नाही. शहाद्याच्या कुशीतली जागा कोण सोडतो.

म्हणजे सामना उरला दोघींचा, नंदुरबार आणि म्हसावद. एकीकडे मिरची, दुसरीकडे मी.

तिसऱ्या रविवारसाठी मी आठवडाभर आधी कामाला लागलो. माझा हिशोब साधा होता. माणूस जिथे पोटभर जेवतो ती जागा तो विकत नाही. भरताची मोठी हिरवी वांगी मी स्वतः निवडून आणली, हातात घेऊन हलकी लागतील तीच, जड वांग्यात बिया असतात. कपाशीच्या काड्यांचा भारा आदल्या दिवशीच टेम्पोतून पोचवला. वांगं गॅसवर भाजतात त्यांच्याशी मी वाद घालत नाही, त्यांची कीव करतो. काड्यांच्या जाळावर भाजलेल्या वांग्याला जो धुराचा वास येतो, त्यासाठी आमच्याकडचा माणूस सुरतेहून घरी येतो. बुढीने ज्वारी आणि उडीद एकत्र दळून कळण्याचं पीठ घेतलं. तिला मी म्हटलं, "तू येशी ना?" ती म्हणाली, "येसू. तुम्हनी परीक्षा शे, पास व्हतस का देखू."

शेठचं वेगळं. तो जैन, वांगं खात नाही, कांदा-लसूण खात नाही, सूर्य बुडायच्या आत ताटावरून उठतो. त्याच्यासाठी मी वरण-बट्टी ठरवली. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात बट्ट्या भाजायच्या, फोडायच्या आणि घरच्या तुपात बुडवायच्या. नुसतं तूप लावायचं नाही, बुडवायच्या.

रविवारी सगळे साडेअकरापर्यंत पोचले. हवा गार, सातपुडा समोर धुतल्यासारखा. मी काड्या पेटवल्या, वांगी टाकली. साल फुटून रस जाळात पडायला लागला तसे एकेक सभासद खुर्च्या सोडून जाळाभोवती उभे राहिले. वांगी सोलली, लाकडी बडगीत घातली, मुसळीने ठेचली. वर हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात. मास्तर म्हणाला, "भो, मिरची जरा कमी." मी म्हटलं, "नंदुरबारनी नही शे, घाबरू नको."

मग पंगत बसली. आता मी बढाई मारत नाही, पण त्या दिवशीसारखं भरीत त्यानंतर झालं नाही. सभासद बोलायचे थांबले. नुसता भाकर मोडल्याचा आवाज. बुढी तव्यावरून भाकर उतरवायची ती ताटात पोचेपर्यंत अर्धी व्हायची. शेठने बट्ट्या किती खाल्ल्या ते मी मोजलं नाही, मोजणं पाप आहे. शेवटी त्याने हात जोडले, "आबा, अजून एक वाढशी तर मन्ही बायको तुले दोष देई." मी वाढली.

आणि मास्तर, ज्याने जन्मात मला बरं म्हटलं नव्हतं, बोटं चाटत म्हणाला, "ही जागा विकानी म्हनजे भो, पाप शे." मी ते कानाने ऐकलं. सगळ्यांनी ऐकलं. मी मनात म्हटलं, जिंकलो.

मोहाच्या झाडाखाली सतरंज्या टाकलेल्या होत्या. सून म्हणाली, पाच मिनिटांत बैठक सुरू करू. सगळे झाडाला, एकमेकांना, लोडाला टेकून बसले. मी थोडा मागे, दोन्ही हात डोक्याखाली घेऊन आडवा झालो. ऊन पानांतून येत होतं, ना गरम ना गार. सुनेचा आवाज आला, "आजच्या विषयपत्रिकेवर..." एवढं मला आठवतं.

पुढचं आठवतं ते म्हणजे चहाचा वास. डोळे उघडले तर ऊन पश्चिमेला गेलेलं. बुढी कप घेऊन उभी आणि तिच्या तोंडावर असं हसू की मला काळजी वाटली.

मी उठून बसलो. आजूबाजूचे पण उठत होते, एकेक जण जांभई लपवत. मी सुनेला म्हटलं, "हं. सुरू करा मग."

ती म्हणाली, "काय सुरू करू, आबा?"

"बैठक."

"बैठक झाली."

मी कप सतरंजीवर ठेवला. तिने शांतपणे सांगितलं. तिने तिन्ही ठराव वाचले. नंदुरबारची जागा विकायला कोणाची हरकत? शेठचा हात वर झाला. लोणखेड्याची विकायला? मास्तरचा हात वर झाला. म्हसावदची विकायला? कोणाचाच हात वर झाला नाही. जो गप्प तो राजी. ठराव एकमताने मंजूर.

शेठच्या हाताला लागलेल्या बट्टीच्या तुपावर माशा आल्या होत्या, तो झोपेत हात हलवत असणार. मास्तरला झोपेत डोकं खाजवायची सवय आहे, चौथीत असल्यापासून. आणि मी दोन्ही हात डोक्याखाली दाबून निजलेला.

"बेटा," मी म्हटलं, "आमचे डोळे मिटलेले तुला दिसले नाहीत?"

"आबा, मी चार वर्षं चिटणीस आहे. तुम्ही सगळे दर बैठकीला डोळे मिटूनच ऐकता. मी विचारलंही होतं एकदा. तुम्हीच म्हणाला होतात, डोळे मिटल्यावर कान उघडतात."

हे मी म्हणालो होतो. माझं वाक्य चांगलं असतं, कधी कधी वेळ वाईट असते.

आता साधी गोष्ट होती. कोणीतरी म्हणायचं की बाई, आम्ही झोपलो होतो, पुन्हा वाच. मी मास्तरकडे बघितलं. मास्तर माझ्याकडे बघत होता. त्याच्या डोळ्यांत साठ वर्षांची वाट होती. मी म्हणावं, 'मी झोपेल व्हतू', एवढ्यासाठी तो जगला असावा. म्हटलं, नाही. सातपुडा खाली बसला तरी नाही.

"बरोबर शे," मी म्हणालो. "मी ऐकी ऱ्हायंतू."

शेठ म्हणाला, "मी बी ऐकी ऱ्हायंतू."

मास्तर म्हणाला, "मी तर शब्दन् शब्द ऐका."

अशा तऱ्हेने, पूर्ण जागे असल्याचं सांगत, आम्ही माझी जागा विकली.

ठराव पक्का व्हायला एक पायरी उरली होती. पुढच्या रविवारी शेठच्या दुकानाच्या माडीवर बैठक होती. तिथे मागच्या सभेचा वृत्तांत वाचून कायम करायचा. कायम झाला की सुरतेकडच्या एका माणसाला होकार द्यायचा. तो तिथे रिसॉर्ट करणार होता. विहिरीला निळ्या फरशा लावून 'पूल' करणार होता म्हणे.

तो आठवडा घरात वाईट गेला. मी सुनेशी बोलत नव्हतो, पण तिच्या हातचा चहा पीत होतो, कारण चहाचं भांडण नव्हतं. मुलगा नोकरीला पुण्याला असतो, त्याला बुढीने फोनवर सगळं सांगितलं. त्याचं हसू मला अंगणापर्यंत ऐकू आलं.

बुधवारी सून माझ्या खाटेजवळ येऊन बसली. म्हणाली, "आबा, एक सांगू? तुम्ही फक्त एवढं म्हणा की झोप लागली होती. मी ठराव मागे घेते. नियमात बसतं."

"मी जागा होतो."

"तुम्ही घोरत होता, आबा."

"मग विचारायचं नाही का हलवून?"

"घोरता घोरता तुम्ही 'हूं हूं' म्हणत होता. मला वाटलं दुजोरा देताय."

मी तोंड फिरवलं. ती उठली नाही. मग हळू आवाजात म्हणाली, "मला ती जागा विकायची हौस नाही. पण पोरं नसतील तर ती जागा कोणासाठी ठेवायची? मंडळ पोरांचं आहे ना?"

अशा वेळी मी गुरांना पाणी पाजायला जातो. गेलो. गुरं पाणी पिऊन बसलेली होती.

संध्याकाळी बुढी म्हणाली, "जागा जाई ते जाऊ द्या. पन तुम्ही बठा जन मिळीसन जागा व्हतात म्हनतस, ते मन्हा डोयासमोर? मी ते जागी व्हतू. बठासना घोरानं ऐकीसन झाडवरना पाखरे उडी गयात."

रविवारी शेठच्या माडीवर आम्ही सगळे जमलो. चारी बाजूंना कापडाचे तागे. शेठने फाफडा आणि चहा मागवला. भरीत नव्हतं, सगळे टक्क जागे. सून वृत्तांत वाचायला लागली. "म्हसावद येथील जागा विकण्याचा ठराव एकमताने..." ती थांबली. "वृत्तांत कायम करायला कोणाची हरकत?"

कोणी हललं नाही. मी सगळ्यांकडे बघितलं. शेठ एका ताग्याची किनार चाचपत होता. बाकीचे कपात बघत होते. एकालाही ठराव नको होता, हे तोंडावर लिहिलेलं होतं आणि ते मला न शिकता वाचता आलं. पण आधी कोण म्हणणार? मास्तर माझ्याकडे बघत होता. मिशीत हसत होता. त्यालाही ती जागा हवी होती, त्यानेच पाप म्हटलं होतं. तरी तो गप्प. जागा गेली तरी चालेल, पण माझं तोंड बघायचं होतं त्याला.

मला निळ्या फरशा दिसल्या. मग काठावर कुडकुडत उभं असलेलं एक पोर दिसलं, ज्याला कोणी सांगत नाहीये की आत पाणी कोमट आहे.

मी हात वर केला. उभा राहिलो. घसा खाकरला.

"मी झोपेल व्हतू."

मग मास्तर अगदी सावकाश, एकेक अक्षर चघळत म्हणाला, "काय म्हना? जरा मोठ्यानं. माले कमी ऐकू येस."

"मी झोपेल व्हतू! घोरी ऱ्हायंतू! आता ऐकू उनं का?"

मास्तर इतका हसला की त्याची कवळी सुटली, ती त्याने हातात झेलली आणि हातात धरूनच हसत राहिला. शेठ म्हणाला, "भो, मी बी झोपेल व्हतू. माशी हाकलनू फक्त." मग दुसरा, मग तिसरा. सगळी माडी झोपलेली निघाली. शेवटी मास्तर कवळी बसवून म्हणाला, "मी तर नेहमीच झोपेल ऱ्हास, हाई काय नवीन सांगानं?" त्यावर मीही हसलो. तेवढं त्याचं देणं होतं.

सुनेने ठराव फाडला नाही, नुसती काट मारली. मग म्हणाली, "आता जागेपणी ठरवा." जागेवर जेवूनच ठरवायचा माझा नियम मीच बाजूला ठेवला आणि या वेळी खरोखर वाद झाला. तासभर झाला. शेवटी ठरलं ते असं: विकायची ती नंदुरबारची जागा. पण तिथली शिबिरं आता म्हसावदला भरली पाहिजेत. सून म्हणाली, "नाताळच्या सुट्टीत तिथे ओसरी भरून पोरं आली तर म्हसावद राहील. नाही आली तर नंदुरबार ठेवायचं आणि म्हसावद विकायचं. आणि मग, आबा, कोणी झोपलं होतं असं म्हणायचं नाही."

"मान्य," सगळे म्हणाले. मग विषय निघाला, पोरं कोण आणणार? शाळांमधून कोण फिरणार?

"मी आणसू," मी म्हणालो.

मास्तर पुन्हा हसायला लागला. "तू? शाळामा? भो, तुले शाळाना दरवाजा ठाऊक नही. तू तर खिडकीमाईन पये."

"मग आता दरवाजामाईन जासू."

"हेडमास्तरले काय सांगशी?"

"सांगसू, विहिरमा पानी शे. पोरे धाड."

"असं सांगशी तर पोलीस येतीन."

यावर लोक हसले. मी हसलो नाही. जिना उतरताना मी मनात बोलायचे शब्द जुळवत होतो. दोर, डबे, काठाला नवा कठडा, सोबत दोन चांगले पोहणारे, बापाची सही. जुळत नव्हते. शेतात माणसं जमवणं वेगळं, हेडमास्तरच्या टेबलासमोर उभं राहणं वेगळं. त्या टेबलासमोर मी शेवटचा उभा होतो तेव्हा हात पुढे करायला सांगितलं होतं आणि छडी बारीक होती. घरी गेल्यावर सुनेला म्हटलं, माझं धुतलेलं धोतर कुठे आहे. तिने काही न विचारता टोपीसुद्धा काढून ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंघोळ करून ओट्यावर उतरलो तर समोर मास्तर, मफलर गुंडाळून, स्कूटर चालू ठेवून उभा. म्हणाला, "बस मांगे. तुले एकला धाडा ते मंडळनं नाव जाई. म्हसावदना हेडमास्तर मन्हा विद्यार्थी शे. बोलनं मी बोलसू."

"जागा मन्ही, बोलनं मन्हं," मी म्हणालो आणि मागे बसलो.

म्हसावदपर्यंत आमचं हेच चाललं. थंडीने डोळ्यांत पाणी येत होतं, तो पुढून ओरडायचा, मी मागून. सुरुवात त्याने करायची का मी, नमस्कार कोणी घालायचा, विहिरीचं आधी सांगायचं का मागून, डब्यांचं सांगायचं का नाही. शाळेशी पोचलो तेव्हा पोरं मैदानात रांगेत उभी राहत होती. मास्तरची स्कूटर स्टँडवर चढत नव्हती, तो खाली वाकून तिला शिव्या देत होता. तोवर मी फाटकातून आत शिरलो होतो.